जुनी मोटार आणि पडघ्याचा पावसाळा

जुन्या मोटारींविषयीं इंग्लंड-अमेरिकेंत जें कांहीं लिहिलें जातें, त्यांत खलनायकाची भूमिका नेहमीं हिंवाळ्याला मिळते. तेथें पाणी गोठून एंजिनाचा लोखंडी ठोकळा फुटतो, सकाळच्या प्रहरीं तेल काकवीसारखें घट्ट होतें आणि बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर पसरलेलें मीठ गाडीचा पत्रा खाऊन टाकतें. म्हणून तेथील शौकीन मंडळी नोव्हेंबरांत गाडी झांकून ठेवतात, ती वसंत ऋतु लागल्यावरच बाहेर काढतात. ठाणें जिल्ह्यांतील पडघ्याच्या मोटारमालकाला यांतलें एकही संकट ठाऊक नाहीं. त्याच्या गाडीला हिंवाळा म्हणजे माहेरपणच. हवा कोरडी, रस्ता कोरडा, एंजिन तापत नाहीं; मुंबईकडे जुन्या मोटारींचीं संमेलनें आणि मिरवणुकी भरतात त्याहि याच दिवसांत. पडघ्याच्या मोटारीचा खरा हिंवाळा आषाढांत येतो.

मुंबई-आग्रा रस्त्यानें ठाणें, भिवंडी आणि वडपें मागें टाकलें कीं पडघा लागतो. पुढें वाशिंद, आसनगांव, शहापूर, खर्डी करीत हा रस्ता कसाऱ्याच्या घाटाला भिडतो. नैर्ऋत्येकडील मोसमी पाऊस मुंबईला सर्वसाधारणपणें ११ जूनला पोंचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परत फिरतो, असें हवामानखात्याचें अलीकडील कोष्टक सांगतें. म्हणजे वर्षांतले जवळजवळ १२० दिवस येथील हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटून राहते. त्यांतून पडघ्याची एक वेगळीच अडचण आहे. भिवंडीच्या आसमंतांत गेल्या कांहीं वर्षांत गोदामांचीं जणूं नगरें उभीं राहिलीं, आणि त्यांचा माल वाहणारे लांबलचक ट्रेलर रात्रंदिवस याच रस्त्यानें धांवतात. पावसांत असा एक ट्रेलर शेजारून गेला, म्हणजे त्याच्या चाकांनीं उडविलेलें चिखलपाणी बरोबर जुन्या मोटारीच्या तोंडावर, तिच्या रेडिएटरच्या जाळीवर येऊन आदळतें. आकाशांतून पडणाऱ्या पाण्यासाठीं छप्पर असतें. या आडव्या पाण्यासाठीं जुन्या कारागिरांनीं फारशी सोय केलेली नव्हती.

या भागांत जुनी मोटार म्हणजे राजेरजवाड्यांची रोल्सराईस नव्हे. बहुधा ती फियाट किंवा अँबॅसॅडर असते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट ११०० बाहेर पडूं लागली. १९६४ पासून तिला ‘डिलाइट’ म्हणत आणि १९७४ सालीं ती ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. १०८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन, सुकाणूच्या दांड्यावरच बसविलेला गिअरचा दांडा आणि चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक, एवढी तिची ओळख मध्यमवर्गी महाराष्ट्राला पुरेशी आहे. विसावें शतक संपतां संपतां ती निघावयाची थांबली. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावर आली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं तिला रजा मिळाली. अँबॅसॅडरचा उत्तरपाड्याचा कारखाना त्याआधींच, २०१४ च्या मे महिन्यांत, थंडावला होता.

ज्या घरीं अशी एखादी गाडी अजून उभी आहे, तेथें तिच्यांतून कोणाची तरी वरात निघालेली असते, कोणाला तरी रात्रीबेरात्रीं इस्पितळांत पोंचविलेलें असतें. ती विकून पैसा मिळत नाहीं आणि भंगारांत द्यावयास हात धजत नाहीं. परंतु मोटारीला माया पुरत नाहीं, तिला सरकारी दाखलाहि लागतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते आणि पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती नवी करून घ्यावी लागते. ज्या गाडीची तळपट्टी गंजून गळाली, जिचा ब्रेक एका बाजूस ओढतो, ती तपासणींत नापास झाली तर दोष तपासणाऱ्याचा नव्हे. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें वेगळी नोंदणी सुरू केली आहे खरी. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. तेव्हां चालत्या गाडीला चालती ठेवावयाची, तर दर वर्षींचा पावसाळा तिला सुखरूप पार करविला पाहिजे. दुसरी वाट नाहीं.

यावर पुष्कळांचा पहिला विचार असा, कीं चार महिने गाडी बाहेर काढूंच नये. ताडपत्री घालावी, बॅटरीच्या तारा सोडाव्या आणि दसऱ्याला पाहावें. बर्फाच्या देशांत ही युक्ति चालते, कारण तेथील बंद गॅरेजांतील हवा थंड आणि पुष्कळशी कोरडी असते. पडघ्याच्या पडवींत ताडपत्रीखालीं चार महिने ठेवलेली मोटार म्हणजे ओल्या कपड्यांचें बांधलेलें गांठोडें. आंतली वाफ आंतच कोंडते. गाद्यांना बुरशी येते. ब्रेकच्या ड्रमवर गंजाचा थर चढतो. सिलिंडरांच्या भिंतीवरील तेल ओघळून खालीं जातें आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला दमट हवा लागते. रस्त्यावर नेलेली गाडी एखादे दिवशीं भिजते, आणि पुढें वाळते. कोंडलेली गाडी रोज थोडी थोडी भिजते आणि वाळत कधींच नाहीं. येथील अनुभवी मिस्त्री म्हणूनच सांगतात कीं गाडी पावसाळ्यांत चालली पाहिजे. मात्र कशी आणि कोठपर्यंत, हें ठाऊक असल्यावांचून चालविणेंहि धोक्याचें आहे.

पावसांत जुनी मोटार बंद पडते, तेव्हां दहापैकीं बहुतेक वेळां दोष ठिणगीचा असतो. बॅटरी १२ व्होल्टांची. तिचा प्रवाह कॉइलमध्यें जाऊन १५-२० हजार व्होल्टांवर चढतो, डिस्ट्रिब्यूटरमधून पाळीपाळीनें एकेका प्लगकडे वाटला जातो आणि तेथें ठिणगी पडून पेट्रोलची वाफ पेटते. इतक्या मोठ्या दाबाची वीज मोठी आळशी असते. प्लगच्या टोंकाशीं हवेंतून उडी मारण्यापेक्षां सोपी वाट कोठें मिळते का, हें ती सारखी शोधीत असते. डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या टोपणावर ओलाव्याचा पातळ पडदा जमला किंवा त्याला केंसाएवढी चीर गेली, कीं तिला ती वाट सांपडते. मग एंजिन एका सिलिंडरावर लंगडूं लागतें, आणि थोड्या वेळानें स्वस्थ बसतें. एक सोपी परीक्षा आहे. अंधाऱ्या रात्रीं बोनेट उघडून चालू एंजिनाकडे दिव्याशिवाय पाहावें. तारांवरून किंवा टोपणावरून निळसर ठिणग्या सरपटतांना दिसल्या, तर त्या तारा मृगापूर्वींच बदलल्या पाहिजेत. त्या वेळीं तारेला हात लावूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

यावरील उपाय खर्चाचे नाहींत. टोपण काढून आंतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्यानें पुसावें. ओलावा मुरलाच असेल तर तें चुलीच्या उबेवर धरावें, पण चुलींत नव्हे. प्लगांच्या आणि कॉइलच्या तोंडाशीं रबराच्या टोप्या घट्ट बसलेल्या असाव्या आणि त्यांच्या आंत सिलिकॉनचें ग्रीस बोटभर लावावें. इंग्लंडांत १९५९ सालीं मिनी ही छोटी मोटार निघाली, तिचा डिस्ट्रिब्यूटर थेट पुढच्या जाळीमागें होता. पाऊस आला कीं ती हटकून बसे. तेथील लोकांनीं मग डिस्ट्रिब्यूटरवर स्वयंपाकघरांतला रबरी हातमोजा चढविण्याची शक्कल काढली, बोटांच्या टोंकांतून एकेक तार बाहेर. भिवंडीच्या गॅरेजवाल्यांना ती गोष्ट कोणीं सांगितलेली नसावी, परंतु प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची त्यांची रीत त्याच जातीची आहे. पिशवी खालून मोकळी ठेवावी लागते, नाहीं तर आंतच घाम धरतो.

ट्रेलरच्या चाकांनीं उडविलेल्या पाण्यासाठीं मात्र आणखी एक पडदा लागतो. रेडिएटरच्या जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर जाड रेक्झिनचा तुकडा बांधला, म्हणजे पंख्याला तें पाणी ओढून एंजिनावर शिंपडतां येत नाहीं. घाट चढतांना हा तुकडा सोडला पाहिजे. कसाऱ्याच्या चढावर पाऊस पडत असतांहि एंजिन तापतें, आणि पावसांत उकळलेला रेडिएटर पाहून वाटसरूंची चांगली करमणूक होते.

बॅटरीचा हिशेब घरखर्चासारखा असतो. दिवे, वायपर आणि भोंगा हीं तिन्ही पावसाळी संध्याकाळीं एकदम मागणी करतात. जुन्या गाड्यांत वीज उत्पन्न करणारा डायनॅमो असतो. एंजिन वेगानें फिरत असेल तरच तो भरपूर देतो. पडघ्याच्या टोलनाक्यावर रांगेंत अर्धा तास खोळंबून उभ्या राहिलेल्या गाडींत जमेची बाजू कोरी आणि खर्चाची भरलेली असते. अशा वेळीं मोठे दिवे मालवून बाजूचे लहान दिवे ठेवावे. बॅटरीच्या टोंकांवर येणारी हिरवी-पांढरी बुरशी कोमट पाण्यानें धुवून तेथें व्हॅसलीन लावावें. त्याहिपेक्षां महत्त्वाची ती जाड पट्टी, जी बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशीं जोडते. तिच्या खालीं गंज धरला, कीं सारे दिवे एकदम मंदावतात आणि मालक नवी बॅटरी विकत घेतो. युद्धापूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत तर ६ व्होल्टांचीच बॅटरी असे. त्यांना एवढासा गंजहि सोसवत नाहीं. जुन्या विलायती गाड्यांची आणखी एक खोड आहे. त्यांपैकीं पुष्कळांत सांगाड्याला धन टोंक जोडलेलें असतें. ऋण समजून उलट जोडलेला चार्जर काय करतो, हें ज्याच्या अनुभवाला आलें तो दुसऱ्यांदां विसरत नाहीं.

वायपरांविषयीं बोलावें तर जुन्या अमेरिकन गाड्यांची आठवण निघते. त्यांचे वायपर विजेवर चालत नसत, एंजिनाच्या शोषणावर चालत. सपाटीवर ते झपझप फिरत. पण घाटांत चढाला भरपूर पेट्रोल दिलें, कीं शोषण कमी होऊन ते नेमके मध्येंच उभे राहत. कांच दिसावी म्हणून चालकाला क्षणभर पाय उचलावा लागे, आणि पाय उचलला कीं गाडी मागें रेंगाळे. फियाट आणि अँबॅसॅडर यांचे वायपर विजेवर चालतात, हें त्यांच्या मालकांचें भाग्य. रबराची पट्टी दर वर्षीं बदलली तर कांच स्वच्छ राहते. ट्रकवाले विडीची तंबाखू कांचेवर चोळतात, ती युक्तिहि तासभर उपयोगी पडते. कांच आंतून धुरकटते त्याला मात्र दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवण्यावांचून दुसरा इलाज जुन्या गाडींत नाहीं. थोडें भिजावें लागतें.

आतां पत्र्याकडे वळावें. रंगाच्या चकाकीवर गाडीचें आयुष्य ठरत नाहीं. तें दारांच्या खालच्या कांठांवर, पाय ठेवण्याच्या पट्टीच्या पोकळींत आणि मडगार्डच्या आंतल्या कोपऱ्यांत ठरतें. खिडकीच्या कांचेवरून ओघळलेलें पाणी दाराच्या पोटांत उतरतें. तें निघून जावें म्हणून कारखान्यानें दाराच्या तळाशीं लहान भोंकें ठेवलेलीं असतात. भाताच्या खाचरांतला बारीक चिखल आणि गोदामांच्या रस्त्यांवरील धूळ मिळून त्या भोंकांत मातीची डांट बसते आणि दार पाण्याची घागर होतें. दर आठवड्याला एक काडी घेऊन तीं भोंकें मोकळीं करणें, हें काम घरांतलें मूल करूं शकतें, आणि हजारों रुपयांचा पत्रा त्यानें वांचतो. पायांखालचे रबरी गालिचे पावसाळ्यांत काढून ठेवावे. त्यांच्याखालीं पाणी सांठलेलें दिसत नाहीं, पण तळ मात्र खात असतें. गाडी चिखलांतून आली, तर दुसरे दिवशीं वरून फडकें मारण्याऐवजीं खालून नळीनें धुवावी. वाळलेला चिखल स्पंजाप्रमाणें ओलावा धरून ठेवतो.

पावसापूर्वीं गाडीच्या पोटाला वापरलेलें जुनें तेल फवारून घेण्याची पद्धत बऱ्याच गॅरेजांतून आहे. पत्रा त्यानें कांहीं दिवस वांचतो; पण सस्पेन्शनच्या आणि एंजिनाखालच्या रबरी गाद्या त्याच तेलानें फुगतात आणि कुजतात. शिवाय ओघळलेलें तेल पावसाबरोबर शेतांत जातें. पोकळ भागांत मेणयुक्त द्रव सोडणें थोडें महाग, पण शहाणपणाचें आहे. गंजावर नुसती पुटी भरून वर रंग मारणें म्हणजे किडलेल्या दाढेवर सोन्याचा पत्रा चढविणें.

पेट्रोलाची तक्रार अलीकडची आहे. २०२५ सालापर्यंत देशभर पेट्रोलांत शेंकडा २० प्रमाणांत इथेनॉल मिसळण्यांत येऊं लागलें. तें मुख्यतः ऊस आणि धान्यें यांपासून होतें, आणि परदेशी तेलाचा खर्च कमी व्हावा हा त्यामागील हेतु उघड आहे. परंतु इथेनॉलला पाण्याची ओढ फार. पावसाळी हवा टाकींत शिरते, तिच्यांतील ओलावा तें शोषतें. ओलावा मर्यादेबाहेर गेला, कीं इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळें पडतात आणि तळाशीं बसतात. पेट्रोल ओढणारी नळीहि तळाशींच असते. रोज टाकी रिकामी करून भरणाऱ्या गाडीला याची बाधा सहसा होत नाहीं. महिन्यांतून एकदां निघणाऱ्या जुन्या गाडीला ती होते. तिच्या रबरी नळ्याहि या मिश्रणासाठीं घडविलेल्या नाहींत. त्या मऊ पडून पाझरतात, आणि तापलेल्या एंजिनावर पाझरणारें पेट्रोल हा विनोदाचा विषय नव्हे. पेट्रोलाच्या सर्व नळ्या या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्या, पावसाळ्यांत टाकी शक्य तों भरलेली ठेवावी म्हणजे आंत दमट हवेला जागा उरत नाहीं, आणि कार्ब्युरेटरची वाटी महिन्यांतून एकदां काढून तिच्यांतलें पाणी व गाळ पाहावा. इथेनॉलमुळें मिश्रण थोडें पातळ होतें. चढावर गाडी ठसकूं लागली, तर जेट किंचित् मोठा घालावा लागतो. तें काम जाणत्या हातानेंच व्हावें.

ब्रेकच्या बाबतींत मात्र हयगय क्षम्य नाहीं. ड्रमांत पाणी शिरलें, कीं पहिल्या दोन-तीन वेळां पाय दाबूनहि गाडी थांबत नाहीं, किंवा एकाच बाजूस ओढली जाते. पाण्यांतून बाहेर पडतांच गाडी अगदीं सावकाश चालवीत ब्रेक हलके हलके दाबून धरावा. घर्षणाच्या उष्णतेनें लायनर सुकतात. मागून येणाऱ्या ट्रेलरला हें ठाऊक नसतें, म्हणून हा प्रयोग कडेला राहून करावा. ब्रेकचें तेलहि हवेंतला ओलावा शोषतें. दोन वर्षांनीं तें बदलणें इष्ट. आणि पावसाळ्यांत गाडी उभी करतांना हँडब्रेक ओढूं नये. दोन दिवसांत लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटतो आणि तिसरे दिवशीं चाक फिरत नाहीं. गाडी गिअरमध्यें ठेवून चाकाला लांकडाचे ठोकळे लावले कीं काम भागतें.

येथपर्यंत प्रश्न गाडीच्या जिवाचा होता. रस्त्यावर पाणी आलें म्हणजे तो माणसांच्या जिवाचा होतो. पडघ्यावरून खडवलीकडे उतरलें कीं भातसा नदी भेटते. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, म्हणजे नदीकांठच्या गांवांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. तो इशारा गाडीवाल्यांनाहि असतो, याची आठवण मात्र थोड्यांनाच राहते. फूटभर खोल, पण वाहतें पाणी लहान मोटारीला रस्त्यावरून ढकलूं शकतें, आणि दोन फुटांत बहुतेक मोटारी तरंगूं लागतात. गढूळ पाण्याखालीं रस्ता आहे कीं नुसता खड्डा, हें वरून दिसत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतील पूल कोसळला. त्या अंधारांत दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहनें नदींत गेलीं. पुढें पूल उरलेला नाहीं, हें त्यांच्या चालकांना कळण्याचा कांहीं मार्गच नव्हता. पाणी डोळ्यांनीं दिसत असतां गाडी आंत घालणाऱ्याला तीहि सबब नाहीं.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबई-ठाण्याच्या लोकांना सांगावा लागत नाहीं. सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशीं बंद मोटारींत अडकून कित्येकांचा गुदमरून अंत झाला. खिडक्या आणि कुलपें विजेवर चालणारीं असल्यानें तीं उघडेनात, असें तेव्हां पुष्कळ ठिकाणीं बोललें गेलें. जुन्या मोटारीची कांच हातानें फिरवून खालीं घेतां येते, हा तिचा एक गुण खरा. परंतु त्या गुणाच्या भरंवशावर पाण्यांत शिरणें म्हणजे दोर जवळ आहे म्हणून विहिरींत उडी टाकण्यासारखें आहे.

साचलेलें, न वाहणारें पाणी असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर चाकाच्या मध्यापर्यंत पाणी ही जुन्या मोटारीची कमाल मर्यादा समजावी. पाण्याची खोली पुढें गेलेल्या ट्रकवरून ठरवूं नये. ट्रकचें चाक मोटारीच्या बोनेटाएवढें असतें. पंख्याचा पट्टा सैल करून, पहिल्या गिअरमध्यें, एकसारख्या वेगानें जावें आणि मध्यें थांबूं नये. गाडी पाण्यांत बंद पडलीच, तर एक मोह आवरणें अत्यावश्यक आहे. तो म्हणजे पुन्हां सेल्फ मारण्याचा. पाणी सिलिंडरांत शिरलेलें असेल, तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं; वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. पांच मिनिटांच्या घाईपायीं संपूर्ण एंजिन उघडण्याची पाळी येते. गाडी ढकलून कोरड्या जागीं न्यावी, चारहि प्लग काढावे, एंजिन हातानें फिरवून पाणी बाहेर पडूं द्यावें, तेल पाहावें, आणि मगच सेल्फला हात लावावा. ज्यांच्या गाडीबरोबर फिरविण्याचें हँडल अजून आहे, त्यांनीं तें डिकींतच ठेवावें, अडगळींत नव्हे.

घाटाविषयीं एक गोष्ट नवी आहे. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. आमणें हें पडघ्याच्या परिसरांतलेंच, आणि या मार्गानें सुमारें आठ किलोमीटरच्या बोगद्यांतून कसाऱ्याचा चढ, धुकें आणि दरडी सारेंच चुकवितां येतें. पण तेथील वाहनें इतक्या वेगानें जातात, कीं ताशीं साठाच्या चालीनें जाणारी पद्मिनी त्यांना अडथळा आणि स्वतःला धोका ठरते. दिवसाउजेडीं, डाव्या कडेनें, मागचे दिवे नीट लागतात याची खात्री करून जाणाऱ्यानें तो मार्ग घ्यावा. धो धो पावसाच्या रात्रीं नाशिकला निघालेल्या जुन्या गाडीला कोणताच मार्ग योग्य नाहीं.

आठवड्यांतून एकदां गाडी काढावी, असें जें म्हणतात, त्यांतहि एक मेख आहे. पुष्कळ मालक अंगणांतच पांच मिनिटें एंजिन चालवितात, समाधानानें बंद करतात आणि आपण गाडीची काळजी घेतली असें समजतात. एक लिटर पेट्रोल जळलें, कीं सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. एंजिन पुरतें तापलें तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. न तापलें तर सायलेन्सरच्या पोटांत आणि एंजिनाच्या तेलांत पाणी होऊन बसते. म्हणजे पांच मिनिटांचा हा सोहळा गाडीला आंतून भिजविण्याचाच होय. गाडी काढावयाची तर वाशिंदपर्यंत जाऊन यावें, अर्धा-पाऊण तास एंजिन तापूं द्यावें. उघडीप मिळाली कीं लगेच जावें. येथील पावसांत अशी उघडीप आठवड्यांतून एकदां बहुधा मिळते, फक्त ती रविवारींच येईल असें नाहीं.

शेतांत पाणी भरलें, कीं उंदीर कोरडी जागा शोधीत घराकडे येतात, आणि बोनेटखालच्या जागेइतकी ऊबदार जागा त्यांना दुसरी मिळत नाहीं. तारांचें आवरण ते कुरतडतात. एअर क्लीनरच्या डब्यांत घरटें करतात. रोज संध्याकाळीं बोनेट थोडा वेळ उघडा ठेवावा, प्रकाशांत ते टिकत नाहींत. शक्य असेल तेथें गाडी धान्याच्या कणगीपासून दूर उभी करावी. घरांतलें मांजर या कामीं कोणत्याहि औषधापेक्षां भरंवशाचें.

दसऱ्याला गाडी धुतात, झेंडूची माळ घालतात, टायरखालीं लिंबू ठेवतात. त्याच्या आठवडाभर आधीं चार कामें उरकावीं : एंजिनाचें तेल बदलावें, चारहि ड्रम उघडून आंतली माती काढावी, तळ वाळल्यावर गंजाचे डाग घांसून रंगवावे आणि पॉइंट स्वच्छ करावे. तेल भरण्याच्या झांकणाखालीं दुधासारखा फेस दिसला, तर बहुधा तो पावसाळ्यांतल्या लहान लहान फेऱ्यांचा ओलावा असतो. नवें तेल घालून एकदां लांब फेरी मारली म्हणजे तो जातो. फेस पुन्हां आला आणि रेडिएटरचें पाणीहि रोज कमी होत असलें, तर हेडचें गॅस्केट गेलेलें असावें. तेव्हां पूजा थोडी पुढें ढकलून मिस्त्रीला आधीं बोलवावें.